उंबऱ्यावरची पांढरी चादर

त्या राज्यात भरती नव्हती.

समुद्र रोज दोनदा वर येत असे, खाजणभर पसरत असे आणि कोणाला न विचारता परत जात असे, ती गोष्ट वेगळी. दप्तरात भरती नव्हती. आणि जे दप्तरात नाही ते नाही, असे तिथे लहानपणापासून शिकवले जाई.

राज्य मांजरांचे होते. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि दोहोंच्या मधे खाजण: तिवरांची दाट झाडे, काळा चिखल आणि दिवसातून दोनदा बुडून दोनदा वर येणारी जमीन. मांजरे टेकडीवर राहात. खाजणात कोण राहते हे विचारण्याची पद्धत नव्हती. तिथून फक्त वास येतो, असे सर्वांचे मत होते. मासे समुद्रातून येतात, कारण ते त्या बाजूने येताना दिसतात, हेही सर्वांना ठाऊक होते.

कचेरी टेकडीच्या पायथ्याशी होती. तिच्याकडे जाणारी वाट शेवटची वीसेक पावले खाजणाच्या काठाने जाई आणि भरतीला तेवढा तुकडा पाण्याखाली जाई. मांजरांना पाय ओले झालेले चालत नाहीत. म्हणून कोण्या जुन्या दिवाणाने ठरवून दिले होते, की वाट उघडी पडली की कचेरी उघडायची आणि वाटेला पाणी लागायच्या आत बंद करायची. नियम सोयीचा होता आणि त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. एवढेच झाले, की गेल्या शंभर वर्षांत कचेरीने जे जे पाहिले, मोजले आणि लिहिले, ते सगळे ओहोटीला.

जमीन मोजण्याचीही एक रीत होती. मोजणीदार खाजणात फिरून येई. कचेरीच्या उंबऱ्याशी एक पांढरी शुभ्र चादर अंथरलेली असे. तिच्यावरून त्याने चार पावले चालायचे. डाग उमटला तर जमीन ओली, न उमटला तर कोरडी. रीत निर्दोष होती. पण मोजणीदारही मांजरच असे आणि चिखलाचे पंजे घेऊन पांढऱ्या चादरीवर चढणे कोणत्याही घरंदाज मांजराला जमणारे नव्हते. त्यामुळे प्रत्येक मोजणीदार आधी पायरीवर बसून चारही पंजे नीट चाटून घेई आणि मग चादरीवर पाऊल टाकी. शंभर वर्षांत चादरीवर एकदाही डाग पडला नव्हता. जिभेला चव खारट लागे. पण चवीसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

पुढे एका वर्षी टेकडीवर ऊन कमी पडू लागले. ऊन होते तेवढेच होते, मांजरे वाढली होती. सकाळी एकाच कठड्यावर चौघे पसरू लागले आणि पाचव्याच्या अंगावर चौथ्याची सावली पडू लागली. तक्रारी आल्या. दिवाणसाहेब, म्हणजे अंगाने भरलेला एक पांढरा बोका, खिडकीत बसून खाजणाकडे बराच वेळ पाहात राहिले. ओहोटी होती. सपाट, उघडे, उन्हात चकाकणारे खाजण पसरले होते.

"एवढे ऊन," दिवाणसाहेब म्हणाले, "आणि खायला कोणी नाही."

त्या वाक्यातून उन्हवाडीची योजना निघाली. तिवरे काढायची, टेकडीची एक कड खरवडून ती माती खाजणात भरायची आणि वर घरे बांधायची. प्रत्येक घराला अंगण, प्रत्येक अंगणात दिवसभर ऊन. कामाला घुशी लावायच्या, कारण खणण्याची हौस त्यांनाच होती. राहता राहिली मोजणी. ती गेंदोबाकडे आली.

गेंदोबा हा करड्या रंगाचा, वयस्क, तीन दिवाण पाहिलेला मोजणीदार होता. त्याची मुलगी कवडी टेकडीच्या उत्तर अंगाला एका ओलसर फटीत राहात होती. तिथे दिवसातून घटकाभर ऊन येई आणि तेही शेजाऱ्याच्या अंगावरून. कवडीला पुन्हा पिल्ले हवी होती. जावई फिरतीवर असे, बोके असतात. पहिल्या वेतातली पिल्ले थंडीने गेली होती. तेव्हापासून गेंदोबा सकाळी कचेरीत जाताना त्या फटीच्या बाजूने जात नसे, लांबच्या वाटेने जाई.

मोजणीच्या आदल्या दिवशी कचेरीत एक पाणमांजर आले. तिचे नाव रेवाक्का. खाजणात तिवरांच्या मुळांशी तिचे बीळ होते. नावात मांजर असल्यामुळे तिला आत घेतले गेले, पण तिच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटले तसा शिपाई ओरडला.

"बाहेर! बाहेर हो! वाळून ये."

"वाळून आले तर दाखवू काय?" रेवाक्का म्हणाली. "हेच दाखवायला आलेय."

"ओल्या पायाने आलेल्याचा अर्ज घेता येत नाही," दिवाणसाहेबांनी शांतपणे सांगितले. "काय म्हणणे आहे ते तिथूनच सांगा."

रेवाक्काने दारातून सांगितले, की खाजण कोरडे नाही, ते दोनदा भरते आणि उधाणाला तर तिवरांच्या शेंड्यांपर्यंत पाणी येते. तिवरे आहेत म्हणून ते पाणी तिथे दमते. तिवरे गेली की ते न दमता पुढे येईल. शिवाय बोई, कोळंबी, जिताडा यांची नखाएवढी पिल्ले त्या मुळांत लपून मोठी होतात आणि मग समुद्रात जातात.

"समुद्रातून येतात," दिवाणसाहेबांनी दुरुस्ती केली.

"आधी जातात, साहेब. मग येतात."

"आणि हे पाणी आत्ता कुठे आहे?"

सगळ्यांनी खिडकीतून पाहिले. ओहोटी होती.

"सहा घटका थांबा, दाखवते," रेवाक्का म्हणाली.

"तेव्हा कचेरी बंद असते," दिवाणसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर खेद होता.

दुसऱ्या दिवशी गेंदोबा खाजणात उतरला. पंजे चिखलात रुतत होते, तो ते उचलून झटकत होता आणि पुन्हा ठेवत होता. तिवरांच्या मुळांशी रेवाक्का त्याची वाट पाहात बसली होती. शेजारच्या डबक्यात पाण्याचा रंगच हलत होता. नीट पाहिल्यावर ती माशांची पिल्ले आहेत हे कळले.

"तुमच्यासारखीच आहेत, मोजणीदार," रेवाक्का म्हणाली. "डोळे नीट उघडेपर्यंत आडोसा लागतो."

गेंदोबा डबक्यावर वाकला. त्याला भूक लागली होती आणि लाजही वाटत होती.

"तुम्ही खोटे लिहा असे मी म्हणत नाही. खरे बोला असेही म्हणत नाही. तुमचे वय झालेय. फक्त आज एकदा पंजे न चाटता चादरीवर चढा. बाकी चादर सांगेल."

"रेवाक्का, ते चांगले दिसत नाही."

"बुडणे चांगले दिसते?"

गेंदोबा परत निघाला तेव्हा त्याने मनाशी ठरवले होते, असे मानायला जागा आहे. कचेरीच्या पायऱ्या तो न थांबता चढला. चारही पंजे काळे होते. उंबऱ्याशी चादर पसरली होती, इतकी पांढरी, की डोळे दिपावेत. आतून दिवाणसाहेबांनी मान वर केली.

"या, गेंदोबा. बरे झाले आलात. पहिल्या ओळीतले तिसरे घर कवडीच्या नावाने घातले आहे. दक्षिणेकडे तोंड आहे. सकाळपासून ऊन."

गेंदोबाचा पुढचा उजवा पंजा हवेत होता. तो चादरीवर टेकण्याऐवजी तोंडाकडे गेला. मग डावा. मग मागचे दोन्ही. चव खारट होती. तो चादरीवरून चार पावले चालला. सगळ्यांनी वाकून पाहिले.

डाग नव्हता.

तिवरे पडायला महिना लागला. त्यानंतर एक अडचण उभी राहिली. समुद्राच्या बाजूने बांध घालावा असे सर्वांना आतून वाटत होते, पण भरतीच नसताना बांध कशासाठी, असा प्रश्न दप्तराने विचारला. तेव्हा कठडा घालण्याचे ठरले. संध्याकाळी मांजरांनी त्यावर बसून समुद्र पाहावा, हे त्याचे कारण. कठडा बांधासारखाच होता, फक्त त्याची उंची बसायला सोयीची ठेवली होती.

घुशींची मुकादम, आयुष्यभर मातीत वावरलेली एक म्हातारी घूस, कचेरीच्या पायरीशी आली.

"साहेब, उघाडी कुठे ठेवू?"

"उघाडी म्हणजे?"

"दार, साहेब. बांधाला खालून एक दार ठेवतात. आत साचलेले पाणी ओहोटीला बाहेर सोडायला."

"बांध नाही, कठडा," दिवाणसाहेब म्हणाले. "आणि कुठले पाणी?"

मुकादमाने गेंदोबाकडे पाहिले. गेंदोबाने मोजणीच्या कागदाकडे पाहिले.

"मला काय," मुकादम म्हणाली. "मी आपली टेकडीत राहते." उघाडी ठेवली गेली नाही.

गेंदोबाने काढून दिलेल्या पातळीत भराव सपाट झाला आणि उन्हवाडी वसली. कवडी आपल्या घरात आली आणि पहिल्याच दिवशी अंगणात इतकी गाढ झोपली, की गेंदोबाने दोनदा जवळ जाऊन तिचा श्वास पाहिला. पहिल्या ओळीतले पहिले घर दिवाणसाहेबांनी घेतले. आता भरतीचे पाणी कठड्याबाहेर थांबत असल्यामुळे कचेरीची वाट बुडेनाशी झाली आणि नियमाप्रमाणे कचेरी अखंड उघडी ठेवण्याचा प्रसंग आला. तो टाळण्यासाठी एक मांजर कठड्यावर नेमण्यात आले. बाहेर पाणी चढू लागले की ते शेपटी वर करी आणि कचेरी बंद होई. पाणी उतरले की शेपटी खाली घेई आणि कचेरी उघडे. जे पाणी नव्हते त्याच्या वेळा अशा रीतीने काटेकोर पाळल्या जात.

त्या वर्षी मासे लहान येऊ लागले. आधी वीतभर, मग बोटभर. तक्रारी आल्या तेव्हा जेवणाची ताटे लहान करण्यात आली आणि मासा पुन्हा ताटभर दिसू लागला. काही दिवस समाधान होते. मग ताटे आणखी लहान करावी लागली.

गेंदोबाला कमी खाऊनही भूक लागेनाशी झाली. खाजणात पाऊल टाकून वर्ष होत आले होते, पण जिभेवरची खारट चव जात नव्हती. तो कवडीकडे जाई तेव्हा अंगणात बसत नसे. भिंतीच्या कडेकडेने हुंगत फिरे. जोत्यापासून वीतभर उंचीपर्यंत भिंतीला ओलीचा पांढरा लोणा धरला होता.

"बाबा, काय शोधताय?" कवडी विचारी.

"काही नाही. चुना कुठला लावलाय बघतोय."

"शेजारच्या मावशी म्हणतात, आपोआपच पांढरी होतेय. बरे आहे ना? रंग काढायला नको."

कवडीची पाठ वळली तेव्हा गेंदोबाने भिंतीला जीभ लावली. मग तो बराच वेळ अंगणाच्या मधोमध उन्हात बसला, पण त्याला ऊब येईना.

एकदा तो कठड्यावर जाऊन आला. रेवाक्का बाहेरच्या खडकावर होती. ती हडकली होती.

"उधाणाला पाणी कुठवर येईल?" त्याने वरूनच विचारले.

"माझ्या बिळापाशी उभे राहून सांगितले असते," ती म्हणाली. "आता ते तुमच्या लेकीच्या घराखाली आहे. किती खाली, ते तुम्हीच मोजलेय."

गेंदोबाने त्या आठवड्यात दिवाणसाहेबांपाशी विषय काढला. फेरमोजणी करावी, निदान एक उघाडी तरी पाडावी, असे तो म्हणाला. दिवाणसाहेबांनी डोळे अर्धे मिटून ऐकून घेतले.

"आधीची मोजणी चुकली असे तुमचे म्हणणे आहे का?"

"नाही. म्हणजे..."

"कारण ती तुमची होती, गेंदोबा. चादर आम्ही सर्वांनी पाहिली आहे."

कवडीला चार पिल्ले झाली. तीन बापासारखी पिवळी, एक आजोबासारखे करडे. चारही धडधाकट होती. उन्हाने त्यांची पोटे गरम असत. डोळे अजून मिटलेले होते. नव्या पिल्लांना सात घरे फिरवून आणायची, ही मांजरांची जुनी रीत. कवडी एकेकाला मानेला धरून शेजारी नेत होती. तीन घरे झाली होती.

आठव्या दिवशी अमावास्येचे उधाण होते आणि समुद्राकडून वारा सुटला होता. दुपारी कठड्यावरच्या मांजराने शेपटी वर केली, कचेरी बंद झाली आणि मांजर ती खाली घ्यायला विसरून टेकडीकडे पळत सुटले. त्याच्या मागून पाणी कठड्यावर चढले. आधी ते नुसते काठावर डोकावले, एखाद्या पाहुण्याने घर बरोबर आहे ना पाहावे तसे. मग आत उतरले. पूर्वी जिथे येत असे त्याच जागी ते आले होते, फक्त दमवायला कोणी नव्हते.

कवडीने पिल्लांना चौथ्या घरी नेले. पाणी तिथे होते. पाचव्या घरी नेले. पाणी तिथेही तेवढेच होते. सहाव्या घरात मावशी फळीवर चढून ओरडत होती. सातव्या घरापर्यंत कवडी एक पिल्लू घेऊन पोहोचली आणि उंबऱ्यातच थांबली. सातही घरे एकाच पातळीत होती. ती पातळी गेंदोबाने काढली होती.

गेंदोबा कचेरीच्या पायरीवर उभा होता. समोर त्याची वाट पाण्याखाली गेली होती. त्याने आयुष्यात कधी ओल्यात पाऊल टाकून ते तसेच पुढे नेले नव्हते. त्याने एक पंजा बुडवला, उचलला आणि सवयीने तोंडाशी आणला. तेवढ्यात पाण्यात एक डोके वर आले.

"चाटत बसू नका हो!" रेवाक्का ओरडली. तिच्या तोंडून पाणी गळत होते. "दोन टेकडीवर ठेवून आले, कवडी तिसरे घेऊन तिकडेच लागलीय. एक तिच्या घरात फळीवर राहिलेय. मला पुन्हा तिकडे जाववत नाही, उपाशी अंगात जोर नाही. तुमचे घर तुम्हाला सापडेल ना?"

सापडले. त्याचेच माप होते. पाणी आधी पोटाला लागले, मग पाठीला, मग तो पोहत होता. आपल्याला पोहता येते हे त्याला तेव्हाच कळले. फळी पाण्याच्या वर चार बोटे होती. करडे पिल्लू तिच्या टोकाला होते आणि ओले होते. त्याने ते मानेला धरून उचलले. परतताना टेकडीची न खरवडलेली, चढता येईल अशी बाजू दूर वाटली. कचेरी एव्हाना बुडाली होती, तिचे छप्पर जवळ होते.

छपरावर उन्हवाडी बसली होती. ओळीने, शेपट्या अंगाभोवती गुंडाळून, एकमेकांना शिवणार नाही इतपत अंतर ठेवून. मधोमध दिवाणसाहेब होते. ओले झाल्यावर ते फारच लहान दिसत होते. गेंदोबाला वर चढायला कोणी मदत केली नाही, पण जागा मात्र करून दिली.

संध्याकाळपर्यंत वारा पडला. कठड्यापलीकडे समुद्र ठरल्या वेळी मागे गेला. बाहेरचा चिखल उघडा पडला, उन्हात चकाकू लागला. कठड्याच्या आत पाणी होते तसेच होते. ते दार शोधत चहूबाजूंनी जाऊन आले आणि दार नसल्यामुळे घरांत बसून राहिले.

"ओहोटी झाली," दिवाणसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजाला थोडा जोर आला. "कचेरी उघडायची वेळ झाली. कामकाज इथेच घ्या."

ओळीत हालचाल झाली. कोणी तरी दबक्या आवाजात विचारले, हे पाणी जाणार कधी.

"कुठले पाणी ते आधी ठरायला हवे," दिवाणसाहेब म्हणाले. "जमीन कोरडी आहे. मोजणीदार इथेच आहेत. गेंदोबा, तुम्ही सांगा. तुमचीच मोजणी आहे. जमीन कोरडी ना?"

सगळी तोंडे गेंदोबाकडे वळली. या वेळी त्याला सांगायचे होते. पण तोंडात पिल्लू होते आणि ते खाली ठेवायला छपरावर कुठे कोरडी जागा नव्हती. पिल्लाच्या शेपटीवरून पाणी ठिबकत होते. ते हलत होते, की गेंदोबाचाच जबडा थरथरत होता, हे पाहणाऱ्याला कळत नव्हते.

तेवढ्यात खाली बुडालेल्या दारातून काही तरी पांढरे सुटले आणि सावकाश पृष्ठभागावर आले. ते पसरले, चारही कोपरे सरळ झाले आणि ते छपराच्या कडेने, सर्वांना नीट दिसेल असे, तरंगत पुढे जाऊ लागले.

दिवाणसाहेब पुढे वाकले. सगळी ओळ वाकली.

चादरीवर एकही डाग नव्हता.